‘अनाहत’मधला राजा आणि आपल्या गावातला नवरा

मंडळी, मागच्या खेपेला मुरबाडच्या एका ताईंनी विचारलं होतं, ‘अनाहत’ तुम्हांला कसा वाटला? तेव्हा वेळ संपली होती. आज सांगतो.

अमोल पालेकरांचा हा मराठी चित्रपट २००३ सालचा. मूळ नाटक सुरेंद्र वर्मांचं, हिंदी. श्रावस्तीचा राजा नपुंसक, गादीला वारस नाही. म्हणून दरबार राणीला नियोगासाठी भाग पाडतो. एका रात्रीपुरता दुसरा पुरुष निवडायचा. राणी नाइलाजाने जाते आणि सकाळी परतते ती आपल्या देहाची ओळख पटलेली बाई होऊन. वारसाचा हिशेब मांडणाऱ्यांना ती गप्प करते. हे धाडस आम्हांला मोलाचं वाटतं.

आमची तक्रार राजाबद्दल आहे. त्याला एक शब्द चिकटवला आणि विषय मिटला. जुने वैयाकरण ‘नपुंसक’ची फोड ‘स्त्रीही नव्हे, पुरुषही नव्हे’ अशी करतात. व्यवहारात मात्र आपण या एका गाठोड्यात तीन निरनिराळ्या गोष्टी बांधतो : शरीरसंबंध न जमणं, वीर्यात शुक्राणू नसणं, आणि जन्मतःच लिंगाची घडण वेगळी असणं. ‘अनाहत’ची कथा उभी आहे ती पहिल्या दोन गोष्टी एकच धरून. राजाला संबंध जमत नाही म्हणून वारस नाही, आणि म्हणूनच राणीला ती रात्र नवी.

आता समजा, राजाला संबंध उत्तम जमत असता, फक्त शुक्राणू नसते. मग दरबाराने बोट कुणाकडे दाखवलं असतं? राणीकडेच! असा राजा या कथेत मावत नाही. आपल्या शहापूर-मुरबाडात मात्र तो घरोघरी सापडेल. ‘मी मर्द आहे’ हाच त्याचा पुरावा, त्यामुळे तपासणी बायकोची. नवस तिचे, उपास तिचे. ‘वांझ’ म्हणायचं तेही तिलाच.

आमच्या ओळखीच्या एका घरात सहा वर्षं मूल नाही म्हणून मुलाचं दुसरं लग्न लावलं. आम्हीही पंगतीला बसून जेवून आलो. दुसरीलाही मूल झालं नाही, तेव्हा कुठे तो कल्याणला जाऊन तपासून आला. शुक्राणू शून्य. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण लग्नाआधी ‘त्याची तपासणी झाली का?’ एवढं विचारायचं आम्हांला सुचलं नाही.

मूल न होण्याच्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. वीर्यतपासणी साधी असते. दोनदा शुक्राणू दिसले नाहीत, तर संप्रेरकं आणि गुणसूत्रं पाहतात. १९४२मध्ये क्लाइनफेल्टर यांनी वर्णन केलेल्या अवस्थेत पुरुषाला एक्स गुणसूत्र एक जास्त असतं. साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला. त्यातले कित्येक जण दिसायला चारचौघांसारखेच, आणि बऱ्याच जणांना ते कधी कळतही नाही. काहींच्या वृषणांतून सूक्ष्म शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळू शकतात. त्याहून विरळा प्रकार असा, की हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पुरुषाच्या पोटात लहानसं गर्भाशय सापडतं. त्याचा वृषण बहुधा खाली उतरलेलाच नसतो. तो माणूस पुरुषच असतो. गर्भात एका संप्रेरकाने आपलं काम केलेलं नसतं, इतकंच.

म्हणून आयांना एक सांगणं. बाळाचा वृषण सहा महिन्यांत खाली उतरला नाही, तर ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणत बसू नका. दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी.

२००६ साली डॉक्टरांनी एकमताने ‘उभयलिंगी’ अशा अर्थाचे जुने शब्द टाकून ‘लिंगविकासातील विकार’ अशी भाषा घेतली. शब्द बदलल्याने गुणसूत्र बदलत नाही. पण शिवीला उत्तर नसतं, निदानाला पुढचं पाऊल असतं.

तर ताई, ‘अनाहत’ जरूर पाहा. राणीसाठी पाहा. आणि पाहून झाल्यावर घरातल्या पुरुषाला विचारा, या राजाची तपासणी कुणी केली होती का?