उपाशी उंदीर, मासळीचं तेल आणि आपलं पोट

गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांना कुणीतरी हमखास सांगतं, ‘सोबत ओमेगा-३ घे, पोट सांभाळेल.’ या सल्ल्यामागचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत. उंदराला उपाशी ठेवायचं, तेल पाजायचं, मग इंडोमेथॅसिनचा एकच मोठा डोस. काही तासांनी जठर उघडून व्रण मोजायचे. महिनोन्‌महिने जेवणानंतर गोळी घेणारा माणूस यात कुठेच नाही. त्यामुळे तेवढ्यावर विसंबून डॉक्टरांनी दिलेली ॲसिडची गोळी सोडू नका.

आता तुलना कशाशी केली ते बघा. दुसऱ्या गटाला नुसतं पाणी पाजलं असेल, तर गुण ओमेगा-३चा की कुठल्याही तेलाचा? चरबीमुळे जठर रिकामं व्हायलाही वेळ लागतो!

मला जास्त खटकतं ते स्पष्टीकरण. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. जठराचं अस्तर याच रेणूंच्या भरवशावर टिकतं. पण ते मुख्यतः बनतात ॲराकिडोनिक ॲसिडपासून, म्हणजे ओमेगा-६ च्या घराण्यातून. ओमेगा-३ तर उलट त्याचीच जागा अडवतं. म्हणून ‘प्रोस्टाग्लँडिन वाढून संरक्षण मिळालं’ असं वाचलंत, की ते खरंच मोजलंय का, हे आधी शोधा.