डबीवरच्या मजकुराचं परीक्षण

मंडळी, मी एरवी पुस्तकांवर बोलतो. आज शिरूरला येताना औषधाच्या दुकानातून प्रोबायोटिकची एक डबी घेतली. परीक्षण तिच्यावरच्या मजकुराचं. केस दाट, त्वचा तेजस्वी, साखर आटोक्यात. गोळी एक, दावे तीन.

आधी केस. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जिवाणू दिलेल्या उंदरांची लव दाट, चकचकीत झाली. प्रयोग खरा आहे. पण तो उंदरांवरचा आहे, आणि हे डबीवर कुठेच नाही. शिवाय वाण? नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिणं म्हणजे बाजार समितीत नुसतं ‘कांदा’ म्हणणं. लाल की गरवा, हे कळल्याशिवाय कोणी बोली लावेल का? एका वाणाचा गुण दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

आकडा मात्र ठळक: ५०० कोटी जिवाणू. हे कारखान्यातून निघताना की मुदत संपताना? जिवाणू जिवंत असतील तरच उपयोग, आणि दौंडचा एप्रिल तुम्हाला मी काय सांगायचा!

त्वचेबद्दल थोडक्यात. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात, प्रोबायोटिकने इसबाची लक्षणं फारशी कमी होत नाहीत, असंच दिसलं. साखरेचं जरा वेगळं. काही चाचण्यांत मधुमेहींची उपाशीपोटीची साखर थोडी उतरली. थोडी. ‘आटोक्यात’ हा शब्द वाचून कुणी चालू गोळ्या बंद केल्या, तर ते महागात पडेल.

मागून आवाज आला, ‘घरचं दही बरं!’ थांबा, टाळ्या नकोत. दही-ताक उत्तम अन्न आहे, मीही रोज खातो. पण प्रत्येक घरचं विरजण वेगळं, त्यात नेमके कोणते जिवाणू, हे कुणी मोजलेलं नाही. दह्याने केस वाढतात म्हणणंही डबीचीच भाषा झाली.

ही चिठ्ठी दौंडच्या एका ताईंची आहे. बाळंतपणानंतर केस गळतात, दोन डब्या संपल्या, तिसरी घेऊ का? ताई, बाळंतपणानंतरची गळती बहुतेकींची काही महिन्यांत आपोआप थांबते. मग श्रेय डबी घेते. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला, आणि शरीरात लोह कमी असलं तरी केस गळतात. हिमोग्लोबिन तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासतात. ते किती आहे, हे चिठ्ठीत लिहिलेलं नाही. तपासलंय का?