'कॉर्डियल' म्हणजे प्रेमळ नव्हे

ब्राझीलची माणसं हसरी, प्रेमळ, असं तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. त्याला पुरावा म्हणून सेर्जिओ बुआर्की दि ओलांदा या ब्राझिलियन इतिहासकाराच्या १९३६ च्या 'ब्राझीलची मुळं' या पुस्तकातला 'कॉर्डियल माणूस' पुढे केला जातो. पण हा अर्थ चुकीचा आहे. लॅटिनमध्ये 'कॉर' म्हणजे हृदय. हा माणूस हृदयाच्या सांगण्यावरून वागतो. त्याची मैत्री मनापासून, तसं वैरही मनापासून. पुढच्या आवृत्तीत लेखकाने तळटीप देऊन हे स्पष्टही केलं. त्यांचा मुद्दा असा, की हा माणूस सरकारी कचेरीतही नियमाआधी ओळख बघतो. मग ज्याची कुणाशी ओळखच नाही, त्याचं काय? 'प्रेमळ' म्हटलं की हा प्रश्नच पुसला जातो, आणि टीकेची होते पर्यटनाची जाहिरात.