काडतुसांचा हिशेब

दोन हिंदी चित्रपटांविषयी आम्हांला लिहावयाचे आहे. परंतु दोहोंची मुळे मराठी आहेत, म्हणून या पत्रिकेत ते अस्थानी ठरू नये. पहिला गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (१९८३). मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकर यांची, संवाद वसंत देव यांचे. दुसरा शिमित अमीन यांचा 'अब तक छप्पन' (२००४). त्यातील साधू आगाशे नाना पाटेकर यांनी साकारला. अनंत वेलणकर आणि साधू आगाशे हे दोघेही मुंबई पोलीस दलातले अधिकारी, आणि दोघांच्याही हातून माणसे मरतात. मधल्या एकवीस वर्षांत अशा मृत्यूकडे पाहण्याची आपली, म्हणजे प्रेक्षकांची, नजर कशी पालटली हे या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या की कळते.

वेलणकर हा चांगला पोलीस नव्हे. कोठडीतला एक आरोपी त्याच्या मारहाणीने मरतो. ते प्रकरण निस्तरण्यासाठी त्याला ज्या रामा शेट्टीच्या दारी जावे लागते, त्याचाच तो शेवटी गळा दाबतो आणि स्वतः ठाण्यावर जाऊन कबुली देतो. हा शेवट भडक आहे असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. तरीही आम्हांला त्या कबुलीचे मोल फार वाटते. 'मी मारले' या वाक्याला कर्ता आहे. तेंडुलकरांनी आपल्या नायकाला स्वसंरक्षणाची पळवाट दिली नाही, आणि प्रेक्षकालाही टाळ्या पिटून मोकळे होऊ दिले नाही.

'अब तक छप्पन' हा कारागिरीच्या दृष्टीने अधिक सफाईदार चित्रपट. आगाशेचे पथक एखाद्या सरकारी कचेरीसारखे चालते. साहेबाची मर्जी, सहकाऱ्यांतली असूया, बदलून आलेल्या वरिष्ठाशी न जमणे, हे सारे ज्यांनी नोकरीत तीस-पस्तीस वर्षे काढली त्यांना घरचेच वाटावे. इम्तियाज नावाचा दुय्यम अधिकारी आगाशेच्या आकड्याला पोहोचता येत नाही म्हणून कुढतो आणि आकडा वाढावा म्हणून नको तेवढी माणसे मारतो. दिग्दर्शकाला या स्पर्धेतील विकृती दिसली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण दोष सगळा इम्तियाजच्या माथी मारून तो आगाशेला सोडवून घेतो. आगाशेचे छप्पन बरोबर आणि इम्तियाजचे चुकीचे, हा निवाडा कोणी व कोणत्या पुराव्यावर केला? तो प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उद्भवू नये अशीच सारी मांडणी आहे. चित्रपटाच्या नावातही माणसेच मोजली आहेत, काडतुसे नव्हेत.

काडतुसांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहो. महसूल खात्यात कार्यकारी दंडाधिकारी म्हणून काम करताना बंदोबस्ताच्या निमित्ताने पोलिसांच्या शस्त्रागाराशी आमचा संबंध येई. शिपायाला बंदूक मिळे ती तिचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या नोंदवहीत लिहून, सही घेऊन. परत आल्यावर काडतुसे मोजून द्यावयाची. झाडली असतील तर रिकाम्या पुंगळ्या दाखवावयाच्या, आणि कोणाच्या हुकमाने, कोणत्या दिशेला, किती फैरी झाडल्या हे लिहून द्यावयाचे. एक काडतूस कमी भरले तर रात्रभर कोणी घरी जात नसे. शस्त्राची शिस्त म्हणतात ती नेमबाजीच्या मैदानावर सुरू होत असेल, पण ती तपासली जाते या वहीत. हवानात १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पोलिसांच्या शस्त्रवापराची जी मूलतत्त्वे स्वीकारली, त्यांत आपण कोण आहो हे सांगून आधी इशारा द्यावा आणि जीव वाचविण्यासाठी अगदी अटळ असेल तेव्हाच प्राणघातक गोळी चालवावी, या नियमांच्या जोडीला दिलेल्या शस्त्रांचा व दारूगोळ्याचा हिशेब ठेवण्याचाही नियम आहे.

आपला कायदाही काही वेगळे सांगत नाही. मृत्युदंड वा जन्मठेप यांस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याला अटक करताना त्याचा प्राण घेण्याचा अधिकार पोलिसांस नाही, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४६ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते ४३ व्या कलमात आले. ज्याच्यावर तसा आरोप आहे, त्याच्या बाबतीतही बळ वापरावयाचे ते अटकेसाठी. उरतो तो स्वसंरक्षणाचा हक्क, आणि तो तुम्हां-आम्हांस आहे तेवढाच पोलिसासही आहे.

आता 'चकमक' हा शब्द पाहू. चकमक म्हणजे गारगोटी. तिच्यावर पोलाद घासले की ठिणगी पडते. दोन कठीण वस्तू एकमेकींवर आदळल्याखेरीज हा शब्द सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रांतून आणि पोलिसी निवेदनांतून मात्र तो एका ठराविक वाक्यात चिणला गेला आहे: 'आरोपीने गोळीबार केला, प्रत्युत्तरादाखल केलेल्या गोळीबारात तो ठार झाला.' पहिल्या अर्ध्या वाक्याला कर्ता आहे, दुसऱ्यातला गळाला आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत अशा ९९ चकमकी घडल्या आणि त्यांत सुमारे १३५ माणसे मेली. त्यावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. चकमकीची चौकशी गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावी, शस्त्रे तपासणीसाठी जमा व्हावीत, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावीच, आणि घटनेनंतर लगोलग बढती वा शौर्यपदक देऊ नये. आम्ही त्या सूचना समीक्षकाच्या नजरेने वाचतो तेव्हा वाटते, न्यायालयाने त्या वाक्याला गळालेला कर्ता परत देण्याचा प्रयत्न केला आहे.

आमच्या हैदराबादच्या वाचकांना ६ डिसेंबर २०१९ ची पहाट आठवत असेल. एका तरुण पशुवैद्यक महिलेवर अत्याचार करून तिची हत्या केल्याच्या आरोपावरून पकडलेले चौघे, वस्तू शोधण्यासाठी चटनपल्लीला नेले असता पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. आरोपींनी दोन पिस्तुले हिसकावली, असे पोलिसांचे म्हणणे होते. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. त्या मुलीविषयीचा संताप खरा होता, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्या. विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मे २०२२ मध्ये खुला झालेला त्याचा अहवाल आमच्या मते या विषयावरचे सर्वांत महत्त्वाचे गद्य आहे, चित्रपट आणि कादंबऱ्या धरूनही. कारण तो पोलिसांची कथा कथा म्हणूनच तपासतो: पिस्तुले खरोखर हिसकावली गेली काय, गोळ्या कोणी व कोणत्या हेतूने झाडल्या. हिसकावण्याची हकीकत आयोगाने अविश्वसनीय ठरविली. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या असा निष्कर्ष काढून दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा असे म्हटले. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असेही त्यात नमूद आहे. पोलीस अधिकाऱ्यांनी या अहवालाला उच्च न्यायालयात आव्हान दिले, तो त्यांचा हक्कच होय. पण फुले उधळणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो उघडून पाहिला?

न्यायालयात खटले पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतात, मग पोलिसांनी करावे काय, असा प्रश्न आमच्याच मित्रमंडळींत विचारला जातो. 'अब तक छप्पन'चे सारे आकर्षण या वैतागावर उभे आहे, आणि वैताग खोटा नाही. त्याला उत्तर म्हणून आम्ही २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीकडे बोट दाखवू. गिरगाव चौपाटीवर अडविलेल्या गाडीतील एक दहशतवादी पोलिसांच्या गोळीबारात मेला. ती खऱ्या अर्थाने चकमक होती. दुसऱ्याच्या रायफलीची नळी साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी धरून ठेवली. त्यांच्या हाती काठी होती. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. त्याचा खटला चालला, अपिले झाली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्यात फाशी देण्यात आली. चार वर्षांना पाच दिवस कमी.

त्या रात्रीवर 'अब तक छप्पन'चेच निर्माते राम गोपाल वर्मा यांनी २०१३ मध्ये चित्रपट काढला. त्यात पोलीस सहआयुक्त झाले नाना पाटेकर. चित्रपट म्हणून तो आम्हांला बेताचाच वाटला, आवाजी आणि पसरट. पण त्यात हा अधिकारी चौकशी समितीपुढे बसून घडलेल्या प्रसंगांची हकीकत सांगतो, प्रश्नांना उत्तरे देतो. आगाशेला ती खुर्ची कोणी दिलीच नव्हती.