दोन भागांमधला काळ

‘कार्टून’ हा शब्द उच्चारतांच आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थाच्या मुद्रेवर एक क्षमाशील स्मित उमटतें. मुलांनीं जेवतांना पाहावयाची ती एक वस्तु, एवढीच तिची त्याच्या लेखीं किंमत. गेलीं पुष्कळ वर्षें इंग्रजी कादंबरी शिकविण्यांत घालविलेल्या प्रस्तुत लेखकाचें मतहि याहून फारसें निराळें नव्हतें, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. तें डळमळलें २०१५ सालच्या जुलै महिन्यांत, न्यू जर्सी येथें बहिणीकडे उतरलों असतां.

तिची मुलगी त्या वेळीं पंधरा वर्षांची होती. स्वयंपाकघरांतल्या कॅलेंडरवर तिनें १३ तारखेभोंवतीं तांबड्या शाईचें वर्तुळ काढलें होतें. त्या सोमवारीं सकाळींच तिनें घरांत जाहीर केलें, “मामा, आज रात्रीं मला कोणी हाक मारायची नाहीं. चार महिने वाट पाहिली आहे मीं.” कशाची, म्हणून विचारलें, तेव्हां एका कार्टून-मालिकेचा पुढचा भाग त्या रात्रीं लागणार असल्याचें कळलें, आणि मी मोठ्यानें हंसलों. त्यावर न रागावतां तिनें एक जाडजूड वही माझ्यापुढें आणून टाकली. पूर्वींच्या भागांतील खुणा, सोडविलेलीं सांकेतिक वाक्यें, एकेका तर्काच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा, असें सारें तींत तारीखवार टिपलें होतें. प्रबंध तपासण्याचें काम मीं अनेकदां केलें आहे. इतकें सावध वाचन त्यांत क्वचित् आढळलें, असें म्हणतांना कोणाचा उपमर्द करण्याचा हेतु नाहीं.

मालिकेचें नांव ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’. तिचा कर्ता ॲलेक्स हर्श. डिस्नेच्या वाहिन्यांवरून ती १५ जून २०१२ पासून १५ फेब्रुवारी २०१६ पर्यंत दाखविली गेली. एकंदर भाग ४०, प्रत्येक सुमारें २२ मिनिटांचा; म्हणजे सगळें मिळून पंधरा तासांचाहि ऐवज नाहीं, आणि तो पोंचावयास मात्र तीन वर्षें आठ महिने लागले. कथानक थोडक्यांत असें. डिपर व मेबल हीं बारा वर्षांचीं जुळीं भावंडें उन्हाळ्याच्या सुटींत ऑरेगॉनमधील एका आडगांवीं आपल्या वडिलांच्या चुलत्याकडे येतात. हे स्टॅन आजोबा ‘मिस्टरी शॅक’ नांवाचें एक नकली चमत्कारांचें दुकान चालवून प्रवाशांना खुशाल लुबाडीत असतात. डिपरला रानांत एक वही सांपडते. तिच्यावर सहा बोटांचा सोनेरी पंजा व ३ हा आंकडा आहे. आंत त्या गांवच्या खऱ्या अद्‌भुतांची नोंद आहे. लिहिणाराचें नांव नाहीं. तो लेखक कोण, हा मालिकेचा मूळ प्रश्न. तिकडे पहिल्या भागाच्या शेवटींच आजोबा एका यंत्रामागच्या गुप्त दारांतून नाहींसे होतांना दिसतात.

आतां या मालिकेंतील खंड पाहावे. पहिलें पर्व २ ऑगस्ट २०१३ रोजीं संपलें, दुसरें १ ऑगस्ट २०१४ रोजीं सुरू झालें. लेखकाचा उलगडा ज्या क्षणीं होतो तो भाग ९ मार्च २०१५ चा, आणि त्याचा खुलासा करणारा १३ जुलैचा. शेवटच्या दोन भागांमध्यें पुन्हां बारा आठवडे. हा विलंब प्रेक्षकांनीं नुसता सोसला असता तर त्याबद्दल लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु कर्त्यानें त्या काळासाठीं काम ठेवलें होतें. प्रत्येक भागाच्या अखेरीस श्रेयनामावळींत एक अर्थहीन दिसणारी ओळ येते. आरंभींच्या भागांत तिचें प्रत्येक अक्षर तीन घरें मागें नेलें कीं अर्थ लागतो. ही ज्यूलियस सीझरच्या नांवानें ओळखली जाणारी जुनी रीति. पुढें वर्णमाला उलटी लावावी लागते, मग अक्षरांऐवजीं आंकडे येतात, आणि दुसऱ्या पर्वांत तर व्हिझनेरची पद्धति, जिची किल्ली त्याच भागांतल्या एखाद्या चित्रांत लपविलेली असते. कोणती रीति लावावी याची सूचना शीर्षकसंगीताच्या शेवटीं कुजबुजलेली आहे, तीहि उलटी! वाजलेली ध्वनिफीत उलटी ऐकण्याची बुद्धि ज्या बारा वर्षांच्या पोराला पहिल्यानें झाली त्याला माझा नमस्कार.

यांतून एक विलक्षण गोष्ट घडली. प्रेक्षक वाचक झाला. चित्र थांबवून तो त्याचे कानेकोपरे पाहूं लागला. स्वतःला स्टॅनफर्ड म्हणविणाऱ्या आजोबांच्या मोटारीच्या पाटीवरचीं अक्षरें स्टॅन्ली या नांवाचीं कां? बंद खोलींत सांपडलेला दुसऱ्या कोणाचा चष्मा त्यांनीं गुपचुप खिशांत कां घातला? अशा तुटक पुराव्यावरून पुष्कळांनीं फार आधीं तर्क बांधला कीं आजोबांना एक जुळा भाऊ असला पाहिजे व तोच त्या वह्यांचा लेखक असला पाहिजे. तर्क बरोबर होता.

येथें कर्त्यानें जें केलें तें मला मान्य नाहीं. २०१३ सालीं त्यानें स्वतःच एक खोटें चित्र तयार करून, गुपित फुटल्याचा देखावा करून, तें निनांवी प्रसृत केलें. मालिकेंतला मॅकगकेट नांवाचा वेडसर म्हातारा ती वही लिहीत बसला आहे, असें तें चित्र होतें. वर आपला संताप जाहीर करून लगेच ते शब्द मागें घेतल्याचें नाटकहि त्यानें वठविलें. प्रेक्षक फसले व बरोबर तर्क कांहीं काळ मागें पडला. युक्ति गमतीची होती यांत शंका नाहीं, आणि माझी भाची तर ती सांगतांना आनंदानें टाळ्या पिटते. तथापि कलाकृतीच्या आंत वाचकाची दिशाभूल करणें हा रहस्यकथेच्या लेखकाचा हक्क आहे. बाहेर येऊन पुराव्यांत खोटा कागद सरकविणें हा नव्हे. ज्यानें इमानानें वाचलें त्यालाच येथें शिक्षा झाली.

पण याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. उत्तर जर अनेकांना आधींच ठाऊक होतें, तर १३ जुलैची वाट एवढ्या उत्कंठेनें कां पाहिली गेली? भरतानें औत्सुक्याची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे, स्थायी भावांत नव्हे. तें येतें आणि जातें. खालीं दुसरें कांहीं टिकाऊ असेल तरच त्याला रसांत स्थान. ‘करमणूक’ पत्रांत हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ तुकड्यातुकड्यांनीं वाचणारा वाचक केवळ ‘पुढें काय’ म्हणून अंकाची वाट पाहत नव्हता. यमूचें आयुष्य त्याच्या घरांतल्या आठवड्यांबरोबर चालत होतें. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’मध्यें असें कांहीं होतें काय?

होतें, आणि तें त्या रात्रीं उघड झालें. त्या भागाचें नांव ‘ए टेल ऑफ टू स्टॅन्स’. डिकन्सची आठवण नांवांतच आहे. भावांचें भांडण होऊन स्टॅनफर्ड आपल्याच यंत्रानें उघडलेल्या दारांतून दुसऱ्या विश्वांत ओढला जातो. त्याला परत आणण्याची रीति तीन वह्यांत विभागलेली, आणि स्टॅन्लीच्या हातांत एकच वही. शिक्षण अर्धवट, जवळ पैसा नाहीं. भावाचें घर हातचें जाऊं नये म्हणून तो त्याचें नांव घेतो, स्वतःच्या मृत्यूची बतावणी करतो, घर पाहावयास आलेल्या गांवकऱ्यांकडून पैसे उकळून तें दुकान उभें करतो, आणि रात्रींमागून रात्रीं तळघरांत एकटा त्या यंत्राशीं झटत राहतो. तीस वर्षें! ज्या लुच्च्या म्हाताऱ्याला प्रेक्षक तीन वर्षें हंसत होते तो सारा वेळ वाट पाहत होता. आणि भाऊ परत येतो तेव्हां काय करतो? तो त्याच्या तोंडावर ठोसा लगावतो.

भाग संपल्यावर पोरीच्या डोळ्यांत पाणी होतें. मीं म्हटलें, “अगं, तुझा तर्क तर खरा ठरला.” ती म्हणाली, “कोण तें माहीत होतं, मामा. तो इतकीं वर्षं थांबला होता हें कुठं माहीत होतं?” मालिकेवरील याहून नेमकें विवेचन मीं अद्याप वाचलेलें नाहीं. चार महिने थांबलेल्या मुलीलाच तीस वर्षांचें वजन थोडेंबहुत हातांत धरतां आलें.

शेवटाविषयीं माझें मन दुभंगलें आहे. अखेरच्या तीन भागांत गोंगाट फार आहे. राक्षसांची इतकी गर्दी कीं माणसांना उभें राहावयास जागा उरत नाहीं. मात्र मेबलचें प्रकरण त्यांत मोलाचें आहे. सुटी संपूं नये, एवढ्या एका इच्छेपायीं ती सर्वनाशाला वाट करून देते आणि न संपणाऱ्या उन्हाळ्याच्या एका बुडबुड्यांत जाऊन बसते. आणखी भाग हवेत म्हणणाऱ्या प्रेक्षकासमोर हा आरसाच होता. कारण २०१५ च्या नोव्हेंबरांत कर्त्यानें जाहीर केलें होतें कीं मालिका कोणी बंद पाडलेली नाहीं, आपणच ती संपवीत आहों. कथेंतला काळ एका उन्हाळ्याचा, तेव्हां पडद्यावरचीं मुलें शेवटीं जेमतेम तेरा वर्षांचीं होतात. पाहणारीं मात्र बारावरून सोळाच्या घरांत आलेलीं होतीं. मग स्टॅन भावाचे कपडे चढवून त्याच्या जागीं शत्रूपुढें उभा राहतो व आपली सारी स्मृति जाळून घेतो. सिडने कार्टनचा हा वंशज आपल्या पूर्वजाला शोभला असता. पण त्याची गेलेली स्मृति मेबलनें चिकटवहींतलीं चित्रें दाखवितांच कांहीं मिनिटांत परत येऊं लागते. तीस वर्षें थांबावयास लावणाऱ्या कर्त्याला येथें पांच मिनिटें धीर धरवला नाहीं, आणि बारा आठवडे थांबलेल्यांना फार स्वस्त सुख मिळालें.

पुढें मींहि ही मालिका आरंभापासून पाहिली, भारतांत, पांच दिवसांत. नेटफ्लिक्सनें २०१३ सालच्या फेब्रुवारींत ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेरा भाग एकदम मोकळे केले, तेव्हांपासून ही रीति सर्वत्र रूढ झाली आहे. मला मालिका आवडली. पण श्रेयनामावळींतल्या त्या ओळी माझ्यासमोरून पुसल्या जात होत्या, कारण त्या उमटतात न उमटतात तोंच पुढचा भाग सुरू होई. गुप्त दाराचा मला विसर पडावयासहि वेळ मिळाला नाहीं, मग त्याची आठवण कोठून येणार? भाचीनें पाहिली ती मालिका आणि मीं पाहिली ती, यांचीं चित्रें एकच असलीं तरी कृति एक नव्हे, असें माझें मत झालें आहे. तिची वही मीं मागून घेतली आहे. माझ्या प्रतीचा गाळलेला अर्धा भाग म्हणून.

शेवटच्या भागाच्या अगदीं अखेरीस खऱ्याखुऱ्या रानांत उभा असलेला, एका डोळ्याच्या त्रिकोणी राक्षसाचा पुतळा क्षणभर दिसतो. मला तो एक दृश्य वाटला. वाट पाहण्याची संवय जडलेल्यांनीं मात्र तो खरोखरच शोधून काढला. २०१६ सालच्या जुलैंत कर्त्यानें रशिया, जपान व अमेरिका येथें सांकेतिक खुणा पेरल्या आणि ऑगस्टच्या आरंभीं ऑरेगॉनमधील रीड्सपोर्टच्या रानांत पुतळा सांपडला. नंतर तो कॅलिफोर्नियांतील ‘कन्फ्यूजन हिल’ या ठिकाणीं हलविण्यांत आला. तें हमरस्त्यावरचें एक चमत्कारगृह आहे. तिरप्या घरांत पाणी वर चढतांना दाखवून प्रवाशांकडून तिकिटाचे पैसे घेतात. स्टॅन आजोबांना ही व्यवस्था पसंत पडली असती.