रिकामी खुर्ची आणि विचारून केलेला स्पर्श

फादर अँथनी डिमेलो यांच्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकाची चर्चा होते ती बहुधा पौर्वात्य ध्यान आणि ख्रिस्ती प्रार्थना यांच्या मेळाविषयी. १९९८ साली रोमने त्यांच्या लेखनाबाबत सावधगिरीची सूचना दिल्यावर तर दुसरे काही बोललेच गेले नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात दुखावलेल्या मनाला शरीराच्या वाटेने भेटण्याचा जो प्रयत्न आहे, तो त्यामुळे दुर्लक्षित राहिला.

पुण्यात सुरू केलेली समुपदेशनाची ‘साधना’ संस्था फादरांनी पुढे लोणावळ्यात आणली. पुस्तकातले आरंभीचे अभ्यास अगदी साधे आहेत. खांद्यावरचे वस्त्र, पाठीला टेकलेली खुर्ची यांचा स्पर्श नुसता जाणवू द्यायचा. पुढे कडू आठवणीत प्रभूला बोलावून तो प्रसंग पुन्हा अनुभवायचा. येथे मी थबकतो. जिच्यावर अत्याचार झाला आहे, तिने डोळे मिटून आपल्या देहाकडे लक्ष देणे म्हणजे त्याच काळोखात एकटीने उतरणे ठरू शकते. आघात देहातही घर करून राहतो, हे बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४ सालच्या ग्रंथामुळे आता सामान्य वाचकालाही ठाऊक झाले आहे. अशा व्यक्तीला आधी बोलू देणारा सोबती हवा. मग तिची इच्छा असेल तरच, तिने मनगटापर्यंत म्हटले तर मनगटापर्यंतच, हाताचा आधार.

पुस्तकातला आजारी माणूस समोरच्या रिकाम्या खुर्चीत येशू बसला आहे असे समजून त्याच्याशी बोलत असे. मृत्यूनंतर त्याचे डोके त्या खुर्चीवर टेकलेले आढळले. ही कथा प्रार्थनेची म्हणून सांगितली जाते. मला ती स्पर्शाच्या भुकेचीही वाटते. नुसत्या बोलण्याने त्या माणसाचे भागले नाही.

पण भूक आहे म्हणून कोणीही हात पुढे करावा, असे नाही. धर्मगुरू, शिक्षक वा समुपदेशक यांना ‘नको’ म्हणणे आपल्या माणसांना किती जड जाते! अनेक समुपदेशक स्पर्श पूर्णपणे टाळतात, ते उगाच नव्हे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात यरीहोजवळच्या दोन आंधळ्यांना प्रभू आधी विचारतो, तुमची इच्छा काय; त्यांचे उत्तर ऐकतो आणि मगच डोळ्यांना हात लावतो. हा क्रम ‘साधने’त शोधू नये, कारण ते प्रार्थनेचे पुस्तक आहे. मात्र त्यातले अभ्यास जे गटाकडून करवून घेतात, त्यांनी आरंभीच सांगावे, की डोळे उघडे ठेवले तरी चालेल आणि मध्येच उठून बाहेर जाता येईल.