गिळणे, देवोरार आणि टर्नरचा कोश

माझी पीएचडी प्रथिनांच्या वंशावळींवर आहे, त्यामुळे शब्दांची वंशावळ दिसली की हात शिवशिवतात. राल्फ टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश (१९६२-६६) म्हणजे त्यातला बाप ग्रंथ. एक संस्कृत शब्द, आणि खाली त्याची मराठी, गुजराती, बंगाली, सिंहली पोरंबाळं. वापरते रोज, तरी तक्रार आहेच.

आधी पद्धत कुठे चालते ते बघा. लॅटिन 'वोरारे' म्हणजे अधाशासारखं गिळणं. त्याला 'दे' जोडून 'देवोरारे'. त्यातून स्पॅनिश 'देवोरार', इटालियन 'दिवोरारे', फ्रेंच 'देवोरे'. संस्कृत 'गिरति, गिलति' आणि आपलं 'गिळणे' त्याच आद्य धातूचे. ग आणि व इतके लांब कसे? मूळ ध्वनी ओठ गोल करून काढलेला 'ग्व' होता. लॅटिनने त्यातला व ठेवला, आपण ग. वटवाघळाचा पंख आणि आपला हात दिसायला वेगळे, पण हाडं तीच, तसंच हे. इथे ध्वनिनियम चोख काम करतात.

आता 'खाणे' घ्या. लॅटिनचं साधं क्रियापद 'एदेरे', म्हणजे संस्कृत 'अद्'चं सख्खं भावंड. ते आखूड, अनियमित. त्याची काही रूपं 'असणे'च्या रूपांसारखी दिसायची. बोलीत त्याच्या जागी 'मांदुकारे', म्हणजे चावणे, घुसलं. फ्रेंच 'मांजे', इटालियन 'मांजारे' त्याचेच. स्पॅनिशने मात्र 'कोम' जोडलेलं जुनंच क्रियापद 'कोमेर' म्हणून टिकवलं. आपल्याकडेही 'अद्' मागे पडला आणि चावणं, फाडून खाणं दाखवणारा 'खाद्' साधा झाला. 'मांजे' आणि 'खाणे' यांचं रक्ताचं नातं नाही. पक्ष्याला आणि फुलपाखराला वेगवेगळे पंख फुटावेत तसं हे. एकेका शब्दाच्या वंशावळीत कोणी कोणाची खुर्ची घेतली हे दिसतच नाही.

दुसरी तक्रार सुराची. अर्थासाठी टर्नर देतात एखाद-दुसरा इंग्रजी शब्द. लालबागमध्ये भात जेवतात, चिवडा गल्लीतला चिवडा खातात, वडापाव हाणतात. कुत्रा खातो, जेवत नाही. (पाली विनयातही 'खादनीय' आणि 'भोजनीय' वेगळे.) आई वैतागली की 'गिळ एकदाचं!' आणि १९८२च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं हे सांगताना 'पैसे खाल्ले' आणि 'जमिनी गिळल्या' यांची अदलाबदल करून बघा, जमत नाही. खाण्यात वाटेकरी असतात. गिळल्यावर मागे काही उरत नाही.

कार्ल बक यांनी १९४९ मध्ये अर्थानुसार कोश रचला, 'खाणे'चे सगळे शब्द एका जागी. पण आपल्या बाजूने तो संस्कृत-अवेस्ताशी थांबतो. म्हणून मी दोन्ही उघडून बसते, आणि 'हाणणे'चा खाण्याचा अर्थ वहीत हाताने लिहिते.